हुंकार

रविवारपासून आमच्या स्वयंपाकघरात कहाणीतली धाकटी सून डोक्यावर भरली घागर घेऊन उभी आहे. घागरीच्या बुडाशी एक थेंब लोंबतो आहे. तो पडत नाही.

चूक माझीच. श्रावणातल्या रविवारी आई मुठीत अक्षता धरून कहाणी सांगते आणि ऐकणारीने वाक्यावाक्याला हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की कहाणी थांबते, आणि कहाणी पुरी झाल्याशिवाय आई उपास सोडत नाही. धाकटी नदीवरून पाणी घेऊन निघाली, एवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी उठले. पाहते तर ओट्यापाशी ही.

मी धावत येऊन आईसमोर बसले, पण घशातून हुंकार निघेना. बाकी सगळं बोलता येत होतं, भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा. आई वाट बघत राहिली.

सोमवारी शेजारच्या कुमुदवहिनींना बोलावलं. त्या म्हणाल्या, रेकॉर्ड करून पाठवा, सवडीने ऐकते. मग माझ्या मुलीला, ऋताला बसवलं. तिने तोंड उघडलं, मिटलं.

"हे तू मला कधी शिकवलंच नाहीस," ती म्हणाली.

मंगळवारी आईच्या बोटांच्या फटींतून कोंब बाहेर आले. कांडलेल्या तांदळाला कोंब फुटत नाहीत हे मलाही कळतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, तर त्याचाही थेंब नळीत लोंबत राहिला. मी आईवर ओरडले, किती हट्टीपणा करशील म्हणून. खरं तर मला भयंकर भीती वाटत होती.

गुरुवारी दुपारी आई गेली. तेव्हा तिची मूठ उघडली. अक्षता माझ्या हातात पडल्या आणि माझी बोटं मिटली. ती आता उघडत नाहीत.

"हूं," ओट्यापाशी धाकटी म्हणाली.

मी तिच्याकडे वळून विचारलं, तुला हुंकार देता येत होता?

"येतो की. मला कुणी विचारलंच नाही, बाई."

मी पाटावर बसले आणि पहिल्यापासून सांगू लागले. तीही प्रत्येक वाक्याला नीट हुंकार देत होती. सांगता सांगता मी तिथवर आले. धाकटी नदीवरून पाणी घेऊन निघाली, म्हणाले. पुढचं मी कुठल्याच श्रावणात लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

ओट्यापाशी भरली घागर घेतलेली आणखी एक धाकटी दिसली.

"हूं," दोघी म्हणाल्या.