चारच्या रकान्यातली सही

शीळफाट्यावर बस अडकून अर्धा तास झाला, तेव्हा रसिकाने रुमालासाठी पर्समध्ये हात घातला. हाताला लागली सलाईनने भरलेली सिरिंज. चार वाजताची!

प्रयोगशाळेतल्या सात नंबरच्या मेंढीचं मूत्राशय मोठं करायला तिच्याच आतड्याचा वीतभर तुकडा कापून ठिगळासारखा शिवला होता. टाके सहा दिवसांचे. पण आतडं कुठेही शिवा, ते आपला बुळबुळीत चिकटा सोडतच राहतं. तो लघवी बाहेरच्या पिशवीत नेणाऱ्या नळीत अडकला की लघवी तुंबते, टाके फाटतात, जनावर जातं. म्हणून दर चार तासांनी सलाईनने नळी धुवायची. आज रसिकाने सिरिंज भरली, तेवढ्यात बसने हॉर्न मारला आणि बाईसाहेब ती तशीच पर्समध्ये कोंबून पळत सुटल्या. रजिस्टरमध्ये मात्र 'चार वाजता धुतली' लिहून खाली झोकात सही. बस चुकू नये म्हणून ती सही आधीच करून ठेवायची. आणि चाऱ्याची वेळ आधी लिहिली म्हणून गेल्या आठवड्यात हिनेच चारा घालणाऱ्या कमलेशला सगळ्यांसमोर झापलं होतं!

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा फोन बंद. आता प्रयोगशाळेत होता तो एकटा कमलेश. तिने त्यालाच फोन लावून मेंढीची लघवीची पिशवी बघायला सांगितली.

"थेंब नाही. मगाचपासून पाय आपटतेय," तो म्हणाला. "पण चारला तुम्ही धुतली ना? सही आहे."

बसमधले लोक ऐकत होते. रसिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही धुतली, कमलेशदादा. सही खोटी आहे."

तो म्हणाला, नळीला हात लावायची मला परवानगी नाही, नोकरी जाईल. मी सांगितलं म्हणून लावला असं लेखी देते, ती म्हणाली, पण आता हात धुवा. आणि सांगत गेली, हलक्या हाताने थोडंसं सलाईन सोडा. जात नाही, तो म्हणाला. जोर लावू नका, उलटं ओढा. काही येत नव्हतं. पुन्हा. पलीकडून मेंढीचं कण्हणं ऐकू आलं आणि रसिकाने डोळे गच्च मिटले.

"आलं," कमलेश म्हणाला. "अंड्यातल्या पांढऱ्यासारखा गोळा. पिशवी भरायला लागली, ताई."

तिला रडूच फुटलं. डोळे पुसत तिने त्याला चारची सही खोडून खरी वेळ लिहायला सांगितलं. डॉक्टरीणबाईंना उद्या सकाळी मीच सांगेन, म्हणाली. एकदाच घडलंय, काय व्हायचं ते होईल.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"ताई," कमलेश हळूच म्हणाला, "उद्याच्या चारलाही तुमची सही आहे. परवाच्यापण."