खाडीकाठची कोयनेल, गडचांदूरच्या कुंपणात

मित्रांनो, सोमाजीकाकांनी एका पत्राला तीन वर्षं उत्तर दिलं नाही. ते पत्र माझ्याविषयी होतं. मी त्यांच्या गडचांदूरच्या घरापुढची कोयनेल, कुंपणाचं झुडूप. माझा जन्म मात्र कोकणातल्या खाडीकाठचा. काकांच्या तिथल्या मित्राने माझी फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून पाठवली. सोबत ते पत्र होतं, ‘जगली का, कळव.’

काका वाचनालयात कारकून होते. मी समुद्राकडची, म्हणजे मला खारट पाणी हवं, असं त्यांनी वाचून-वाचून ठरवलं. रोज तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ! खारं वारं मी सोसते, पण ते मीठ मुळांशी साठत गेलं आणि माझी पानं गळली. शेवटी शेजारच्या गिरजाबाईंनी तांब्या हिसकावला.

“काऊन जी सोमाजीभाऊ, झाडाचं लोणचं घालून राह्यले का?”

सारी गल्ली हसली. लाजेने काकांनी पत्र कपाटात ठेवून दिलं.

पुढे मी गोड्या पाण्यावर दाट वाढले. इथल्या सिमेंट कारखान्यांची धूळ सोसली. माझी पानं कडू, शेळ्या त्यांना तोंड लावत नाहीत. माणसं मात्र माझ्यावर तोंड रिकामं करतात. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची चिकट, कोमट पिंक पानावरून ओघळते, तिच्यावर धूळ बसून पापुद्रा धरतो. फांद्यांत अडकलेल्या खर्र्याच्या प्लास्टिक पन्न्या कुजकट वास मारतात. मला माझ्याच अंगाची शिसारी येते. काका खिडकीतून पाहत, पण बोलत नसत.

यंदा त्याच मित्राचं दुसरं पत्र आलं. ‘खाडीत भराव घातला, इथली सगळी कोयनेल गेली. तुझी जगली असेल तर फांद्या पाठव.’

काका कात्री घेऊन आले. एकही फांदी स्वच्छ सापडेना. तेवढ्यात गल्लीच्या कोपऱ्यावर राहणाऱ्या पवनने माझ्यावर पचकन पिंक टाकली.

“इथी थुकू नोको बाबू,” काका कसंबसं म्हणाले.

“काऊन भाऊ? इले त खारट लागते ना? तुमीच त पाजत होते!”

काकांचे कान तापले. पण या वेळी ते घरात पळाले नाहीत.

“ते माही चूक होती. मी चुकलो. आता तू चुकून राह्यला.”

पवन बाजूला सरकला. पुढची पिंक त्याने नालीत टाकली.

मित्रांनो, झाड ओरडत नाही, म्हणून त्याला काही वाटत नाही असं समजू नका.

काकांनी एकेक पान धुतलं, फांद्या कापून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि उत्तराच्या चार ओळी लिहायला दोन दिवस घेतले. आज दुपारी ते पोस्टातून परतले, तेव्हा त्यांच्या हातात फक्त पार्सलची पावती होती.