जुना आवाज

"ताई, जुना आवाज ठेवायचा की काढायचा, ते तुम्हीच ठरवा," पुण्याहून रितेश फोनवर म्हणाला. "एक जरी माणूस वापरत असेल तर ठेवू. पण मग दर नव्या आवृत्तीला तो तुम्हालाच दुरुस्त करत बसावं लागेल."

"विचारून सांगते," निशिगंधा म्हणाली. अष्टमीतल्या आपल्या कॉम्प्युटर क्लासला कुलूप लावून तिने पेणची एसटी पकडली.

अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा तो प्रोग्राम. फुकट मिळतो, ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी बसून, पदरचा वेळ घालून तो सांभाळतात; रितेश त्यांतलाच. त्यातला पहिला मराठी आवाज निशिगंधाने तयार केला होता. नवऱ्याची नजर गेली तेव्हा, त्याच्यासाठी. ती उच्चारांचे नियम लिहायची आणि अमोल कानाने तपासायचा. 'चार'मधला च वेगळा, 'चारा'मधला वेगळा, हे यंत्राच्या गळी उतरवताना दोघांची कडाक्याची भांडणं व्हायची.

"अगो, गुरांना चार घालतात काय?" यंत्राचा 'चारा' चुकला की तो ओरडायचा.

अमोल जाऊन वर्ष होत आलं होतं. ती तेव्हा रडली नव्हती, नंतरही नाही. क्लास चालू होता. प्रोग्राम बदलला की जुना आवाज मोडायचा, तो ती दुरुस्त करायची.

पेणला म्हाताऱ्या दाजींचा गणपतींच्या मूर्तींचा कारखाना. डोळे गेल्यापासून रंगकाम सुटलं, पण गिऱ्हाइकांचे मेल अजून दाजीच ऐकायचे. जुना आवाज वापरणारा तिच्या माहितीत हा एकच माणूस उरला होता.

"ये गो," दाजी म्हणाले. सुनेला हाक मारून त्यांनी चहा सांगितला.

निशिगंधाने प्रोग्राममध्ये अलीकडे आलेला नवा आवाज निवडून एक मेल वाचायला लावला. अगदी माणसासारखा आवाज. तिने वेग वाढवला. वेगात त्याचे शब्द एकमेकांत मिसळतात हे तिला ठाऊक होतं. आता दाजी वैतागतील, जुनाच ठेव म्हणतील, म्हणून ती थांबून राहिली. दाजी शांतपणे ऐकत होते.

"दाजी, याला चारा म्हणता येत नाही."

"ठाऊक हाय. मी मनात दुरुस्त करून घेतो."

"ठाऊक कसं?"

चहा घेऊन आलेली सून, मैना, म्हणाली, "त्यांच्या मोबाईलवर कवापासून हाच हाय, ताई. कॉम्प्युटरवर पण. जुना आज सकाळी चालू करून घेतला, तुम्ही येणार म्हणून."

"तू गप गो." दाजींनी निशिगंधाच्या दिशेने तोंड वळवलं. "चालतोय ना, असं तू विचारायचीस. नाय कसं म्हणू? अमोल नुकताच गेलेला. पण कान थकतात गो त्याने. पत्रा वाजवल्यागत वाटतं."

"बरं," निशिगंधा म्हणाली. तिने चहा संपवला, त्यांच्या मशीनवरून जुना आवाज काढला आणि नव्याचा वेग त्यांना सोसेल इतका करून दिला.

परतताना एसटीतून तिने रितेशला फोन केला. "काढू या."

"मी काढतो ना, ताई. तुम्ही नका..."

"नको. कुठे काय आहे ते मलाच माहीत आहे."

"तसं जुन्या आवृत्त्यांत राहीलच ते. कधीही उघडून बघता येईल."

"हो."

क्लासमध्ये बसून तिने एकेक फाइल काढली. नियमांची फाइल आली. चाक, चूल, चोर, चारा. तिने ती वरपासून खालपर्यंत एकदा वाचली आणि काढली. कारण लिहायच्या जागी लिहिलं, 'वापरणारं कोणी नाही.' थोड्या वेळाने रितेशचं उत्तर आलं: मंजूर.

वरसेला घरी पोचली तेव्हा शेजारची हौसा दारात तांदूळ निवडत होती.

"आज उशीर? जेवलीस काय गो?"

"व्हय," निशिगंधा म्हणाली.

आत जाऊन तिने दिवा लावला. कुकर अजून लावायचा होता.