सगळ्यांच्या मागून जेवायचं

जावा बेटावरच्या क्लातेनजवळ, वेनिंगच्या सासरी बारा वाजता स्वयंपाक तयार असायचा. नारळाच्या दुधातली भाजी, सोयाबीनचं तळलेलं टेंपे, भात. वेनिंगने रोजच्यासारखी इन्सुलिनची सुई टोचून घेतली. त्यानंतर अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि नेमके तेव्हाच सासऱ्यांकडे गावप्रमुख आले, सोबत आणखी दोघं.

झालं! त्या घरात आधी पुरुष, मग सासू, आणि भांडी आवरली की सून.

"इबू, वाटीभर भात खाऊन घेऊ? सुई घेतलीय," वेनिंग सासूला हळूच म्हणाली. इबू म्हणजे आई; सासूलाही तीच हाक.

"पाहुण्यांच्या आधी? लोक तोंडात शेण घालतील! साखर मलाही आहे, पण मी नाही बाई असले नखरे करत."

"तुमची चढते, इबू. माझी सुईनंतर उतरते."

"चढो नाहीतर उतरो, औषध एकच. तोंड आवर!"

सासूची साखर वाढल्यापासून घरातली साखर, गूळ, केळीसुद्धा कपाटात कुलूपबंद होती. एकीच्या पथ्यात दुसरीचा जीव चालला होता, आणि घरचे त्याला शिस्त म्हणत.

बाहेर गप्पा रंगल्या. कालव्याचं पाणी, कुणाच्या जावयाची नोकरी, कशाचं काही! पावणेएक झाला. वेनिंगला दरदरून घाम फुटला, ओठ बधिर झाले. सासूने कपाटातून पाहुण्यांपुरती साखर काढून गोड चहा केला, कपाट पुन्हा बंद केलं आणि ट्रे तिच्या हातात दिला.

"हास जरा. मेलेलं तोंड घेऊन जाऊ नकोस."

बैठकीत पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने ट्रे टेबलावर आदळला, गावप्रमुखांसाठीचा चहाचा ग्लास उचलला आणि उभ्याउभ्या घटाघटा रिकामा केला. मग दुसरा.

"अगं, लाज आहे का?" सासरे ओरडले.

"आहे ना, बापाक. पण आणखी दहा मिनिटं ती जपली असती, तर तुम्हां चौघांनाच मला खांदा द्यावा लागला असता."

घाम जरा ओसरल्यावर वेनिंग आत गेली, दोन ताटं वाढून आणली आणि तिथेच बसली.

"उद्यापासून सुई घेतली की मी जेवणार. कुणीही येवो. इबू, तुम्हीही बसा. तुमचीही गोळी घेऊन तास झाला."

सासू दारातच चौकट धरून उभी होती. सकाळपासून तीही उपाशीच होती. चाळीस वर्षं असंच चाललेलं. तिने ताटाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"पुरुषांचं होऊ दे आधी," ती पुटपुटली.

वेनिंग जेवत होती. सासू उभीच होती. आणि त्या चौघांपैकी एकानेही तिला 'बस' म्हटलं नाही.