अक्षरांना कोरडी माती

तख्ती म्हणतात मला, मित्रांनो. पाटी म्हणून हाक माराल तर मी ओ देणार नाही. पाटी ती दगडाची, पडली की फुटते. मी लिंबाच्या लाकडाची. पोरींच्या भांडणात किती जणींच्या पाठीत बसले, पण तडा म्हणून गेला नाही.

खर्ड्याच्या रंभाजी सुतारानं मला घडवलं. कोळशाची पूड आणि पाल्याचा रस चोळून काळी केली आणि अमिनाच्या हाती दिली. अमिना तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाची. बापानं तिला मशिदीच्या ओसरीवरच्या मदरशात घातलं होतं. पोरी पुढंमागं झुलत धडा म्हणायच्या, त्यांच्या मांडीवर मीही झुलायची. माझं शिक्षण म्हणाल तर अलिफ, बे, ते. पुढचे धडे किताबात असतात, तिथं तख्तीला कोण विचारतो? तरी माझा तोरा कमी नव्हता.

तिथं शिकवणाऱ्या हाफिजजींचा एक दंडक होता. अक्षरावर थुंकायचं नाही. तख्ती पाण्यानं धुवायची, आणि ते पाणीसुद्धा कुणाच्या पायाखाली येणार नाही असं झाडाच्या बुडाशी ओतायचं.

अमिनाचा मदरसा लवकरच सुटला. लग्न झालं आणि ती मला बोचक्यात बांधून जामखेडजवळ सासरी आली. अरबी तिला वाचता येई, अर्थ कळत नसे. मराठी म्हणजे तर तिला मुंग्यांची रांग. कुठं देवाचं नाव असेल आणि कुठं साबणाचं, तिला काय कळणार? म्हणून ती सगळ्यांनाच मान देई. साबणाचं वेष्टन, बिडीबंडलाचा कागद, दिसेल ते उचलून कोनाड्यात. एकदा तर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोणाचा कागद तिनं डोळ्यांना लावून तिथं ठेवला. तिचा मुलगा लाजून घराबाहेरच निघून गेला.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी तिच्या नातीकडं, नसीमाकडं आले होते. सकाळी मदरसा, मग मराठी शाळा. माझ्या एका अंगावर अलिफ, दुसऱ्या अंगावर क. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं पाणी भरावं लागे. एके दिवशी नसीमा माझ्या मराठी अंगावर थुंकली आणि तिनं हात फिरवला. अमिनानं तिचा कान धरला.

"थुकी? अक्षरावर?"

"दादी, ह्ये मराठी हाय. शाळंत समदीच थुकत्यात. गुरुजी काय म्हनत न्हाईत."

अमिनाच्या हातून कान सुटला. मराठीवर थुंकलेलं चालतं का? हाफिजजींनी ते सांगितलंच नव्हतं, आणि विचारायला ते आता राहिले नव्हते. मलाही उलगडेना. लाकूड एकच, मग माझी एक कूस पाक आणि दुसरी नापाक कशी?

ती शेजारच्या रतनबाईकडं गेली.

"रतनबाई, तुमच्यात पाटीवर थुकत्यात?"

"थुकत्यात की."

"आन् दसऱ्याला तिलाच हळदकुकू वाहता?"

"व्हय. एक दिस पूजा, वरीसभर थुकी. नवऱ्याचं तरी काय येगळं असतंय, अमिनाबी?"

अमिना हसली, पण गोंधळ तसाच घेऊन घरी आली. दोन्ही अंगं पाण्यानंच धुवायची, असं तिनं फर्मान काढलं. सून हुसेनबी दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची. परसातल्या लिंबाच्या बुडाशी तिला ओल दिसली आणि तिचं डोकं फिरलं.

"अम्मा, प्यायला घोट न्हाई आन् तुमी झाडाला पाजताय? लिव्हन्याला पानी लागत आसंल तर लिव्हनंच नगं. उद्यापासनं नसीमा शाळंत जायाची न्हाई, विहिरीवर बसंल."

"माझ्या वाटचं पानी घे."

"तुमच्या वाटचं तुमी सकाळीच लिंबाला घातलं."

नसीमानं मला छातीशी आवळलं. तिची धडधड माझ्या लाकडात उतरत होती. अमिना सुनेपुढं कधी हरली नव्हती. पण सून खरं बोलत होती, आणि हाफिजजीही खोटे नव्हते. दोघंही खरे, आणि पोरीची शाळा मात्र जाणार.

नमाजाची वेळ झाली. वजूला, म्हणजे नमाजाआधी हाततोंड धुवायला, पाणी नव्हतं. अमिनानं कोरड्या मातीवर तळवे टेकले आणि तोंडावरून, हातांवरून फिरवले. पाणी नसेल तेव्हा असं मातीनं पाक होता येतं, हेही मदरशातच शिकवलं होतं. फिरवता फिरवता तिचे हात थांबले. नमाज मात्र तिनं पुरी केली. मग म्हणाली, "नसीमा, तख्ती आन."

तिनं भिंतीकडची मऊ, स्वच्छ माती घेतली. आधी अलिफवर चोळली, मग क वर. झडलेली माती पदरात झेलून लिंबाच्या बुडाशी टाकली.

हुसेनबी बघत होती. "ह्ये चालतंय व्हय?"

"मानसाला चालतंय, मग अक्षराला न चालाया काय झालं?" अमिना तोऱ्यात म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "चालत आसंल. न्हाईतर गुन्हा माझ्या माथी, पोरीच्या न्हाई."

सकाळी हुसेनबीनंच नसीमाची वेणी घातली आणि तिला शाळेला लावून दिलं.

मित्रांनो, कोरडी माती अंग ओरबाडते. तेव्हापासून वर्षभरात माझा काळा रंग उडाला, कडा झिजल्या. आम्ही केलं ते बरोबर की चूक, मला अजून सांगता येत नाही. अमिनालाही येत नाही. ती माती चोळून झाली की हळूच तोबा म्हणते, न जाणो.

परवा तिनं विचारलं, "नसीमा, आज काय लिव्हलंस गं मराठीत?"

"मगर, दादी."

अमिनानं मला मांडीवर घेतलं. "मगरीला मान द्यायचा म्हंजी अवघडच," ती पुटपुटली, आणि पदर पसरून तिनं मगर हलक्या हातानं पुसली. तुमच्याकडं पाणी असेल तर ओला फडका घ्या, नसेल तर माती घ्या. थुंकू मात्र नका. कारण विचाराल तर मला नाही ठाऊक.