फटी नसलेल्या भिंती

विद्याधररावांनी खिशातून बसचं कार्ड काढलं आणि वाटेकडेच्या दगडी कुंपणात खुपसलं. कार्ड तर आत गेलंच, मागोमाग त्यांचा पंजाही मनगटापर्यंत गेला.

"बघ पूर्वा, इथून मांजर जाईल आरामात. आणि इंका लोकांच्या भिंतीत सुरीचं पातं शिरत नाही. चुना नाही, माती नाही, नुसता दगडाला दगड."

"बाबा, अठरा मिनिटं झाली. आपण अजून पहिल्या वळणावर आहोत."

"पाहून तर राहिलो ना मी."

पूर्वाने घड्याळ बाहीखाली सारलं आणि पुढे चालू लागली. ती राहायची त्या परदेशातल्या स्लायगो गावाजवळच्या या नॉकनारी डोंगराच्या माथ्यावर पाच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दगडांची प्रचंड रास रचून ठेवली होती. खाली कोणी राणी पुरलीय म्हणतात. तिथवर तासाभरात, न थांबता चढून दाखवायचं, अशी तिने बाबांना अट घातली होती. जमलं तर पेरूला जायचं, नाही जमलं तर विषय बंद. तिथल्या इंकांच्या पायवाटेच्या परवान्यासाठी सोमवारपर्यंत नावं कळवायची होती.

विद्याधररावांनी नागपूरच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. पुस्तकात इंकांना अर्धं पान होतं आणि एक काळपट फोटो: डोंगराच्या खांद्यावरचं ओस पडलेलं नगर. दर वर्षी तेवढ्या अर्ध्या पानावर त्यांनी दोन तास घेतले. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आले, ते तो फोटो डोक्यात घेऊनच. पहिल्याच रविवारी पोहे खाता खाता त्यांनी विषय काढला आणि पूर्वाही भरात "हो, जाऊच!" म्हणून बसली.

मग तिची नोकरी बदलली. नव्या ठिकाणी प्रोबेशनचे दोन महिने अजून बाकी होते. अशात दोन आठवड्यांची सुट्टी मागायची कशी? साहेबाला विचारायची हिंमत नाही आणि बाबांना नाही म्हणायचीही नाही. शेवटी तिने ते काम डोंगरावर सोपवलं. हे तिने फक्त मैत्रिणीला, योगिनीला सांगितलं होतं, फोनवर, स्वयंपाकघराचं दार लावून. "डोंगरच नाही म्हणेल गं. मला म्हणावं लागणार नाही."

तेव्हा खरं तर सगळं तिच्या मनासारखंच चाललं होतं. तरी तिचा नुसता संताप होत होता.

कारण बाबा हरत नव्हते, वेळ काढत होते. त्यांनी बुटाची नाडी दोनदा सोडून बांधली. उतरत येणाऱ्या एका बाईला थांबवून तिच्या कुत्र्याचं नाव विचारलं, वय विचारलं, तो काय खातो तेही विचारलं. फळीवरची प्रत्येक सूचना चष्मा पुसून वाचली. जीव तोडून चढले असते आणि नसतं जमलं, तर पूर्वाने त्यांचा हात धरून त्यांना खाली आणलं असतं आणि घरी जाऊन थोडं रडलीही असती. पण हे काय? चाळीस वर्षांचं स्वप्न म्हणे! आणि माणूस कुत्र्याच्या खाण्याची चौकशी करतोय.

अर्ध्यावरच्या बाकावर विद्याधररावांनी बैठकच मारली. खाली समुद्र होता, पण धुक्यात त्याची नुसती कड दिसत होती.

"भिंतींवरून आठवलं," ते म्हणाले. "तुमच्या घराच्या भिंती तर या कुंपणाहून बेकार. पुठ्ठ्याच्या. पलीकडे कोणी हळू बोललं तरी अलीकडे शब्द न् शब्द येतो."

"प्लास्टरबोर्ड असतो तो, बाबा. पन्नास मिनिटं झाली."

"झाली का?" त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. "मग लिहून टाक त्या परवानावाल्यांना. आपल्याच्यानं नाही होत."

पूर्वाला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिचा आवाज चढला.

"तुम्ही प्रयत्नच केला नाहीत! मी शनिवार घालवून आलेय इथे आणि तुम्ही नुसता टाइमपास केलात."

"वय झालं बेटा," ते हसून म्हणाले आणि उतरायला लागले.

दोघं खाली गाडीपाशी पोचली. विद्याधरराव गाडीच्या उघड्या दारात पाय बाहेर टाकून बूट काढायला बसले. पूर्वा तरातरा पलीकडच्या कॉफीच्या गाडीकडे गेली आणि तिने दोन चहा मागितले.

आतल्या बाईने मान वाकवून तिच्यामागे पाहिलं आणि विद्याधररावांना हात केला. मग न विचारताच एका पेल्याशेजारी दूध वेगळं ठेवलं आणि साखरेच्या दोन पुड्या ठेवल्या.

"विद्याला असाच लागतो ना? तू म्हणजे त्याची मुलगी. पेरूला जाणार आहात तुम्ही!" तिने खिळ्याला अडकवलेल्या कार्डांमधून एक काढलं. त्यावर नऊ शिक्के होते, दर चहाला एक. "आज दहावा. म्हणजे त्याचा चहा माझ्याकडून. काय ग्रँड माणूस आहे गं! मंगळवारी तर सव्वा तासात माथ्यावर जाऊन परत आला. आज काय झालं, पाय दुखावला का?"

पूर्वाने कार्ड हातात घेतलं. नऊ वेळा. ती ऑफिसात असताना, बस पकडून. आणि तिला वाटत होतं, बाबा लायब्ररीत जातात.

मग तिला स्वयंपाकघर आठवलं. लावून घेतलेलं दार आठवलं आणि त्या दाराशेजारची, बाबांच्या खोलीची, पुठ्ठ्याची भिंत. शरमेने तिचे कान तापले. गरम पेले हातात धरून ती तिथेच उभी राहिली. मागचा माणूस "सॉरी" म्हणाला, तेव्हा कुठे बाजूला झाली.

विद्याधररावांचा एक बूट काढून झाला होता.

"बाबा, तो परत घाला."

"आता कायला?"

"वर जायचंय. एक तास. अट तीच."

त्यांनी तिच्या हातातलं कार्ड पाहिलं. मग बराच वेळ मोजा सरळ करत राहिले.

"पण तुझी सुट्टी?" ते बोलून गेले. सुट्टीबद्दल तिने त्यांच्यापाशी अवाक्षरही काढलं नव्हतं.

"सोमवारी मागते."

"नाही म्हणाले तर?"

"तर त्यांचं त्यांना म्हणू दे." तिने चहा गाडीच्या टपावर ठेवला, खाली बसली आणि त्यांच्या बुटाची नाडी दुहेरी गाठ मारून बांधली. "नाहीच मिळाली, तर तुम्ही एकटे जा. नावं मात्र दोन्ही कळवायची."

या खेपेला विद्याधरराव कुंपणाकडे फिरकले नाहीत. कुत्री भेटली, त्यांची चौकशी झाली नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि त्यांची निळी कानटोपी वर वर जात राहिली. अर्ध्यावरच्या बाकापाशी पूर्वाच्या बरगडीत कळ आली.

"बाबा, थांबा ना जरा!"

वरून, धुक्यातून आवाज आला, "काय गं, पाहून राहिली का काही?"

ती बाकावर बसली. बरगडी दाबून तिने दम घेतला.

"हो," ती शेवटी म्हणाली. "पाहून राहिले."