माझ्या जाळीतला खुदीपाना

मित्रांनो, मी एक जुनी मच्छरदाणी आहे. नाक मुरडू नका! कोलकात्यात माझ्यावाचून कुणाचं पान हलत नाही. तिथल्याच बेहाला भागातल्या शशिकांत देवधरांच्या पलंगावर मी सहा वर्षं काढली. पुढे मला भोकं पडली, तेव्हा त्यांच्या पत्नीने, शकुनवहिनींनी, माझा धड तुकडा कापून वेताच्या कड्याला शिवला. मी पाण्यावरची जाळी झाले.

ही १९७२ सालची गोष्ट. शशिकांतराव मत्स्यखात्यात होते. भाड्याच्या घरामागे त्यांनी दोन टाक्या बांधल्या होत्या. पहिलीत मासे. त्यांचं घाण पाणी दुसरीत सोडायचे. तिथे खुदीपाना तरंगायचा, तिळापेक्षा जराशी मोठी हिरवी पानं. ती घाण खाऊन तो वाढे, पाणी निवळे आणि तोच पाला माशांना मिळे. तीन दिवसांत एका पानाची दोन होत. एवढ्याशा पानाला पोट तरी कुठे असतं, याचं मला भारी नवल वाटे! त्यांची लेक लीना रोज माझ्यात पाला गोळा करी. तिने माशांना नावंसुद्धा दिली होती.

घरमालक नंदीबाबूंना मात्र वास खपत नसे. त्यांनी बजावलं, "पूजा तक देखेगा. बदबू नहीं गया, तो टंकी बंद!"

दुर्गापूजेला महिना उरला असताना शशिकांतरावांच्या थोरल्या बहीण, कालिंदीअक्का, पुण्याहून आल्या. सकाळी त्यांनी टाकीभर हिरवं पाहिलं, पदर खोचला आणि मला हाती घेऊन टाकी लख्ख केली. सगळा पाला गटारात वाहून गेला.

"शशी, शेवाळ काढलं हो एकदाचं!"

लीना रडू लागली. "आत्या, तो शेवाळ नाही! माशाचा खाना होता!"

अक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. काम माझ्याकडूनच झालं होतं ना!

"बाहेरच्या तळ्यातला पाला आणला तर माशांना रोग येईल, अक्का," शशिकांतराव हळूच म्हणाले.

अक्कांनी मला उजेडात धरलं. कड्याच्या शिवणीत काही हिरवे ठिपके अडकले होते. जन्मात मासळीला हात न लावलेल्या अक्का डोक्यातला आकडा काढून टाकीपाशी बसल्या. तांदळातले खडे वेचावेत तसं एकेक पान सोडवून त्यांनी पाण्यात सोडलं. परतीचं तिकीटही रद्द केलं. आठ दिवस काहीच दिसेना. मग बशीएवढं हिरवं झालं, मग ताटाएवढं, आणि पूजेच्या तोंडावर पाणीही निवळलं.

षष्ठीला, पूजेच्या पहिल्याच दिवशी, नंदीबाबू आले. वाकून त्यांनी दोनदा वास घेतला. लीनाने श्वास रोखला होता, अक्कांनीही.

"कहाँ, बदबू तो नहीं!" ते म्हणाले. "टंकी रहेगा."

अक्का पदराने डोळे पुसू लागल्या. मला डोळे नाहीत, नाहीतर मीही पुसले असते.

आता नायलॉनची जाळी आली आहे आणि मी खुंटीवर असते. मित्रांनो, एखादी गोष्ट घाण वाटली, तर ती काढण्याआधी एकदा विचारा, "हे काय आहे हो?" तेवढ्याने कुणाचं तरी जेवण वाचतं.